एआयवालं शस्त्र कायद्यात बसतं का, हे स्वतः तपासायचं असेल तर

कुठल्या तरी सैन्याने एआय वापरलं अशी बातमी आली की लगेच दोन उत्तरं ऐकू येतात. एक म्हणजे याच्यावर कुठला कायदाच नाही, रान मोकळं आहे. आणि दुसरं म्हणजे शेवटचं बटण माणूसच दाबतो ना, मग झालं तर. दोन्ही चुकीची आहेत, आणि मला विचाराल तर दुसरं जास्त धोक्याचं, कारण ते ऐकायला बरोबर वाटतं आणि माणूस तिथेच थांबतो. कायदा आहे, बराच आहे, फक्त एका जागी लिहिलेला नाही. थोडा १९७७ च्या करारात आहे, थोडा देशांच्या संरक्षण खात्यांच्या आदेशांत, थोडा नुसत्या जाहीरनाम्यांत, आणि यातला कुठला कागद कोणाला बांधतो हे वेगळं काढता आलं नाही की सगळा गोंधळ होतो.

म्हणून मी स्वतःसाठी जी पद्धत बसवली आहे ती इथे लिहितेय. वकील असायची गरज नाही. एक कोरा कागद, एकच सिस्टिम (एका वेळी एकच घ्या, दोन घेतल्या की तुलना सुरू होते आणि तपासणी राहते) आणि मूळ कागदपत्रं वाचायची तयारी, एवढं पुरतं.

आधी फक्त क्रियापदं लिहा

कागदावर वर सिस्टिमचं नाव आणि त्याखाली ती काय काय करते ते क्रियापदांत. शोधते, ओळखते, क्रम लावते, सुचवते, निशाणा धरते, डागते. स्मार्ट, ऑटोनॉमस, किलर रोबो असले शब्द या कागदावर येऊच द्यायचे नाहीत, कारण विकणारी कंपनी एक शब्द वापरते, सैन्य पत्रकार परिषदेत दुसरा, विरोध करणारे तिसरा, आणि कायदा यातल्या कोणाच्याच शब्दावर चालत नाही.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा डायरेक्टिव्ह ३०००.०९ म्हणून एक आदेश आहे, २०१२ चा, २०२३ च्या जानेवारीत नव्याने काढलेला. त्यात ऑटोनॉमस शस्त्र म्हणजे काय तर एकदा चालू केल्यावर ऑपरेटरने पुढे काही केलं नाही तरी जे स्वतः टार्गेट निवडतं आणि त्याच्यावर मारा करतं ते. बघा, या व्याख्येला एआय लागतच नाही. जहाजावर बसवलेली फॅलँक्स नावाची तोफ अंगावर येणारं क्षेपणास्त्र स्वतः हेरते आणि स्वतः गोळ्या झाडते, ती १९८० पासून अमेरिकी नौदलात आहे. म्हणजे मशीनने टार्गेट निवडणं हा प्रकार चाळीस वर्षांहून जुना.

आणि याच्या उलट बाजूला, जिला कोणी शस्त्र म्हणणार नाही अशी सिस्टिम, नुसती नावांची यादी काढणारी, तिचा माणसांच्या जिवाशी संबंध फॅलँक्सपेक्षा कितीतरी जास्त असू शकतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये +९७२ मॅगझिन या ऑनलाइन मासिकाने गाझातल्या युद्धात वापरल्या गेलेल्या लॅव्हेंडर नावाच्या सिस्टिमबद्दल लिहिलं, गुप्तचर अधिकाऱ्यांच्या हवाल्याने, आणि त्यात दावा असा होता की मशीनने काढलेल्या नावाला कधीकधी वीसेक सेकंदांत मंजुरी मिळायची. इस्रायली सैन्याने हे नाकारलं, त्यांचं म्हणणं असं की तो माहिती ताडून बघायचा डेटाबेस आहे आणि टार्गेट विश्लेषक स्वतंत्रपणे तपासतात. आता आपल्या कागदावर इथे क्रियापद येईल सुचवते, डागते नाही, म्हणजे वरच्या व्याख्येत ही सिस्टिम बसणारच नाही, आणि तरी सगळा वाद तोच आहे की माणसाने खरंच तपासलं का. म्हणून सांगते, क्रियापदं आधी. नाहीतर ज्या सिस्टिमकडे बघायला हवं ती शस्त्र नाही म्हणून हातातून निसटते.

कुठे वापरतायत ते बघा

हे पटकन उरकता येतं पण सोडायचं नाही. सशस्त्र संघर्ष चालू असेल तर युद्धाचा कायदा लागतो, म्हणजे जिनिव्हा करार आणि त्यांच्यासोबतचे नियम. संघर्ष नसेल, म्हणजे सीमेवर गस्त, दंगल, एखाद्याला पकडायला गेलेलं पथक असं असेल, तर मानवाधिकार कायदा पुढे येतो आणि तिथे जीव घेणारं बळ अगदी शेवटचा उपाय म्हणूनच चालतं, कोणाचा तरी जीव वाचवायला. ड्रोन तोच, सॉफ्टवेअर तेच, उत्तर वेगळं. आणि मुळात दुसऱ्या देशावर बळ वापरायचा हक्क होता का हा तिसराच प्रश्न, तो संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम २(४) (बळ वापरायला बंदी) आणि कलम ५१ (स्वसंरक्षण) चा, तो कागदाच्या कोपऱ्यात वेगळा लिहा. शस्त्र कायदेशीर असलं म्हणून युद्ध कायदेशीर होत नाही, आणि उलटंही नाही.

कुठला कागद कोणाला बांधतो

इथे वेळ द्या. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, चांगल्या शिकलेल्या लोकांच्याही.

सगळ्यात वर करार. आपल्या कामाचा मुख्य म्हणजे जिनिव्हा करारांना जोडलेला १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल, त्यात १७० हून जास्त देश आहेत. अमेरिका नाही, भारतही नाही. पण म्हणून हे देश मोकळे असं समजू नका, कारण सैनिक आणि सामान्य नागरिक यांच्यात फरक करायचा, लष्करी फायद्याच्या मानाने नागरिकांचं नुकसान जास्त होणार असेल तर हल्ला करायचा नाही, हल्ल्याआधी शक्य ती सगळी खबरदारी घ्यायची, हे मूळ नियम रूढीचा कायदा म्हणून सगळ्यांना लागतात, सही असो नसो.

त्याखाली देशाचे स्वतःचे कायदे, संसदेने केलेले. यात एआय हा शब्द शोधत बसलात तर काही सापडणार नाही आणि तुम्ही म्हणाल कायदा नाही. तसं नसतं. अमेरिकेचा १९७३ चा वॉर पॉवर्स रिझोल्यूशन घ्या, त्यात राष्ट्राध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं आणि मंजुरी नसेल तर मोहीम थांबवायचं ६० दिवसांचं घड्याळ सुरू होतं. २०११ मध्ये लिबियाच्या वेळी ओबामा सरकारने असं मांडलं की तिथे जमिनीवर आपले सैनिक नाहीत, आपल्या माणसांना फारसा धोका नाही, मोहीम मर्यादित आहे, त्यामुळे कायद्याला अभिप्रेत आहे तशी ही लढाई नाही आणि घड्याळ लागू नाही. तेव्हा एआयचा विषयसुद्धा नव्हता. पण जुना कायदा जर आपल्या सैनिकाच्या जिवाला धोका या गोष्टीवर टेकलेला असेल, आणि मशीन तो धोकाच काढून टाकत असेल, तर संसदेला विचारायची पायरी आपोआप गळून पडते. माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात कमी बोलली जाणारी गोष्ट ही आहे. तुम्ही जो देश तपासताय तिथला युद्धमंजुरीचा नियम कशावर टेकला आहे हे नक्की बघा.

मग सरकारी आदेश. हे त्या सरकारच्या माणसांना बांधतात पण एका सहीने येतात आणि एका सहीने जातात. बायडन यांचा एआयवरचा कार्यकारी आदेश १४११० हा ३० ऑक्टोबर २०२३ ला निघाला आणि २० जानेवारी २०२५ ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी रद्द केला. त्याखाली राजकीय जाहीरनामे, उदाहरणार्थ २०२३ च्या फेब्रुवारीत हेग इथे अमेरिकेने मांडलेला लष्करी एआयच्या जबाबदार वापराचा जाहीरनामा, पन्नासहून जास्त देश त्यात आले, कायद्याने तो कोणालाच बांधत नाही. आणि सगळ्यात खाली कंपन्यांची धोरणं. गूगलने २०१८ मध्ये, प्रोजेक्ट मेव्हनवरून (ड्रोनचे व्हिडिओ एआयने तपासायचा अमेरिकी सैन्याचा प्रकल्प) कर्मचाऱ्यांनी आवाज उठवल्यावर, शस्त्रांसाठी एआय बनवणार नाही असं लिहून दिलं होतं, २०२५ च्या फेब्रुवारीत ते वाक्य काढलं. धोरणं निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाहीये, बांधकामात विटेच्या जागी वीट आणि रंगाच्या जागी रंग, एवढंच.

संयुक्त राष्ट्रांचं काय असं कोणी विचारतंच. जिनिव्हात काही पारंपरिक शस्त्रांबद्दलच्या १९८० च्या कराराखाली ऑटोनॉमस शस्त्रांवर सरकारी तज्ज्ञांचा गट २०१७ पासून बसतोय, २०१९ मध्ये त्यांनी अकरा मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली, पण तिथे सगळ्यांचं एकमत लागतं म्हणून गाडी हळू. २२ डिसेंबर २०२३ ला महासभेने या शस्त्रांवर पहिला ठराव केला, १५२ बाजूने, ४ विरोधात, ११ तटस्थ. विरोधातल्या चारांत रशिया होता, बेलारूस होता, माली होता आणि भारतही होता, भारताची भूमिका अशी की या विषयाची जागा जिनिव्हातच आहे. महासभेचा असा ठराव बंधनकारक नसतो, पण जग कुठे झुकतंय ते त्यातून दिसतं.

आणि एक खड्डा ज्यात खूप जण पडतात. युरोपियन युनियनचा एआय कायदा, १ ऑगस्ट २०२४ ला लागू झालेला, त्याचा हवाला देऊन लोक म्हणतात की युरोपात तरी लष्करी एआयवर लगाम आहे. त्या कायद्याचं कलम २(३) उघडा, फक्त लष्कर, संरक्षण किंवा राष्ट्रीय सुरक्षेसाठी वापरलेल्या सिस्टिम्स त्याच्या बाहेर ठेवल्यात, साफ. काउन्सिल ऑफ युरोपचा (ही युनियनहून वेगळी संघटना) एआय करार, ५ सप्टेंबर २०२४ ला विल्नियसमध्ये सह्यांसाठी खुला झालेला, त्यातही राष्ट्रीय संरक्षण बाहेर. म्हणून माझी वाचायची सवयच उलटी झाली आहे. आधी कायदा कोणाला लागू नाही ते कलम, मग व्याख्या, मग अपवाद, मग सूट कोण देऊ शकतो, आणि तत्त्वं सगळ्यात शेवटी. तत्त्वं आधी वाचली की छान वाटतं आणि पुढचं वाचायचा जोरच जातो.

३०००.०९ वरच करून बघा. सगळीकडे लिहिलेलं असतं की अमेरिकेत माणूस निर्णयाच्या साखळीत असणं सक्तीचं आहे. त्या आदेशात तसं वाक्य नाहीये. तिथे म्हटलंय की कमांडर आणि ऑपरेटरला बळाच्या वापरावर योग्य तेवढा मानवी विवेक वापरता येईल अशी सिस्टिमची रचना हवी. योग्य तेवढा म्हणजे किती, ते परिस्थितीवर. काही सिस्टिम्सना वरिष्ठांचा रिव्ह्यू लागतो, एकदा अधिकृत विकास सुरू व्हायच्या आधी आणि पुन्हा मैदानात उतरवायच्या आधी. अंगावर येणारे हल्ले परतवणाऱ्या, माणसाच्या देखरेखीखालच्या सिस्टिम्सना यातून सूट आहे. आणि तातडीची लष्करी गरज असेल तर उपसंरक्षणमंत्री रिव्ह्यू माफ करू शकतात. हे सगळं वाचल्यावरच त्या एका वाक्याचं खरं वजन कळतं.

कलम ३६ चा रिव्ह्यू झाला का

पहिल्या प्रोटोकॉलचं कलम ३६ असं की देश नवं शस्त्र, साधन किंवा युद्धाची पद्धत अभ्यासत असेल, बनवत असेल, विकत घेत असेल किंवा स्वीकारत असेल तर त्याचा वापर काही किंवा सगळ्या परिस्थितीत बेकायदा ठरेल का हे त्याने तपासलंच पाहिजे. विकत घेणंही यात आलं हे अधोरेखित करा, बनवणाऱ्याने तपासलं होतं हे उत्तर घेणाऱ्याला पुरत नाही. अमेरिका प्रोटोकॉलमध्ये नसूनही स्वतःच्या नियमांनी असा रिव्ह्यू करते.

हे रिव्ह्यू सहसा बाहेर येत नाहीत, गुप्त असतात. मग बाहेरून काय विचारायचं? मी चार गोष्टी विचारते. रिव्ह्यू होतो असं देशाने जाहीर सांगितलंय का. चाचणी जिथे झाली ती जागा आणि वापर जिथे होतोय ती जागा सारखी आहे का, म्हणजे मोकळ्या वाळवंटात तपासलेली ओळख दाट शहरात तशीच चालेल हे कशावरून. कशाला शस्त्र म्हटलं, नुसतं उडणारं यंत्र की आतलं सॉफ्टवेअरही. आणि चौथी, मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती, मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेलं आतलं सॉफ्टवेअर, नव्या डेटावर पुन्हा शिकवलं तर रिव्ह्यू पुन्हा होतो का. बंदुकीची नळी रिव्ह्यूनंतर बदलत नाही. मॉडेल अपडेट झालं की ते वागायला वेगळं होऊ शकतं, आणि कागदावरची मंजुरी मात्र जुन्याचीच राहते.

माणूस आहे का, हे विचारू नका

आता मुख्य. माणूस साखळीत आहे का असं विचारलं की उत्तर जवळपास नेहमी हो येतं आणि काहीच कळत नाही. विचारायचं असं की त्या माणसाला ‘नाही’ असं म्हणता येत होतं का. त्याचे तीन तुकडे, वेळ किती होता, समोर काय दिसत होतं, आणि नाही म्हटल्यावर त्याचं काय होणार होतं.

२००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र बॅटरीने ब्रिटनचं टॉर्नेडो विमान पाडलं, मोहिमेवरून परत येणारं, मित्रदेशाचंच, आतले दोघंही गेले. सिस्टिमने विमानाला रडारवर चालून येणारं क्षेपणास्त्र समजलं होतं. ब्रिटिश चौकशीत कारणं बरीच निघाली, विमानाची मित्र-शत्रू ओळख सांगणारी यंत्रणा चालत नव्हती, बॅटरीचा वरच्यांशी संपर्क नीट नव्हता, क्षेपणास्त्र ओळखायचे निकष फार सैल होते, आणि क्रूकडे निर्णयाला साधारण एक मिनिट होता. काही दिवसांनी, २ एप्रिलला, पॅट्रियटनेच अमेरिकी नौदलाचं एफ-१८ पाडलं. नंतर अमेरिकी संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या डिफेन्स सायन्स बोर्डाच्या टास्क फोर्सने लिहिलं की काम बरंचसं ऑटोमॅटिक होतं आणि ऑपरेटरना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायचंच ट्रेनिंग दिलेलं होतं. माणूस होता तिथे. खुर्चीवर बसलेला, ट्रेनिंग घेतलेला.

पण सगळा दोष मशीनच्या माथी मारला तरी तपासणी चुकते. ३ जुलै १९८८ ला पर्शियन आखातात अमेरिकेच्या व्हिन्सेन्स या युद्धनौकेने इराण एअरचं ६५५ हे प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली, त्यात ६६ मुलं. नौकेवर एजिस ही रडार आणि क्षेपणास्त्रांची सिस्टिम होती, त्या काळातली सगळ्यात पुढची, आणि तिच्या रेकॉर्डमध्ये विमान वर चढतंय अशी बरोबर नोंद होती. ताणाखाली असलेल्या क्रूला ते खाली येतंय असं वाटलं, हल्ला करायला येतंय असं वाटलं. म्हणजे आकडा बरोबर होता पण तो माणसापर्यंत बरोबर पोचला नाही. स्क्रीनवर काय, कुठे, किती मोठं दिसतं हा कायद्याचा प्रश्न आहे असं मी म्हणते ते यामुळे. अमेरिकेने १९९६ च्या तडजोडीत मृतांच्या कुटुंबांसाठी ६ कोटी १८ लाख डॉलर दिले, कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता.

आणि तिसरं उदाहरण, स्टानिस्लाव पेत्रोव्ह. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकेतून पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचं दाखवलं, ड्यूटीवरच्या पेत्रोव्ह यांनी हा खोटा इशारा आहे असं वर कळवलं, आणि तो खोटाच होता, उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाला फसवून गेला होता. त्यांना ‘नाही’ असं म्हणता आलं कारण त्यांच्याकडे थोडी मिनिटं होती, यंत्रणा नवी आहे आणि चुकू शकते हे त्यांना माहीत होतं, आणि खरा हल्ला असता तर फक्त पाच क्षेपणास्त्रांनी सुरू झाला नसता एवढी स्वतःची समज होती. यातलं एक जरी काढलं तरी काय झालं असतं याचा विचार करवत नाही. १६ नोव्हेंबर २०२४ ला लिमामध्ये बायडन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्र वापरायच्या निर्णयावर माणसाचंच नियंत्रण राहिलं पाहिजे असं मान्य केलं, चांगलं झालं, पण कागदावर तुम्ही पुढचा प्रश्न लिहाच, त्या माणसाच्या हातात मिनिटं किती.

कायद्याचा आधार पहिल्या प्रोटोकॉलच्या कलम ५७ मध्ये आहे. हल्ला ठरवणाऱ्याने टार्गेट नागरी नाही याची खात्री करायला शक्य ते सगळं करायचं, आणि टार्गेट लष्करी नाही किंवा नुकसान प्रमाणाबाहेर होईल हे लक्षात आलं तर हल्ला रद्द करायचा किंवा थांबवायचा. हा दुसरा भाग नेहमी विसरला जातो. डागल्यानंतर सिस्टिमला परत बोलवता येतं का, संपर्क तुटला तर ती काय करते, हे कागदावर हवंच. अमेरिकी संरक्षण खात्याने २०२० च्या फेब्रुवारीत जी पाच एआय तत्त्वं घेतली त्यातलं शेवटचं हेच सांगतं, सिस्टिम भलतंच वागायला लागली तर ती बंद करता आली पाहिजे.

शंका आली तर काय, हे सिस्टिमला सांगितलंय का

त्याच प्रोटोकॉलचं कलम ५०(१) म्हणतं की एखादी व्यक्ती नागरिक आहे की नाही अशी शंका असेल तर ती नागरिकच समजायची. मॉडेल शंका म्हणत नाही, मॉडेल आकडा देतं, शंभरात इतके. त्या आकड्याच्या कुठल्या रेषेखाली शंका सुरू होते हे कोणीतरी ठरवलेलं असतं, कुठल्या तरी मीटिंगमध्ये, आणि ती रेषा हलवली की कागदावरचा कायदा तोच राहतो आणि जमिनीवरचा बदलतो. म्हणून विचारा, ही रेषा कोणी ठरवली, कमांडरने, वकिलाने की प्रोग्रॅमरने, आणि ती बदलली तर नोंद राहते का. शिवाय आत्मसमर्पण करणारा, जखमी झालेला, हात वर केलेला माणूस सिस्टिमला ओळखता येतो का. लढाईतून बाहेर पडलेल्यावर हल्ला करता येत नाही, तिथे शस्त्राने गप्प राहायला शिकलेलं असावं लागतं. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२१ च्या मे महिन्यात मागणी केली की वागणं ज्यांचं सांगता येत नाही अशा ऑटोनॉमस शस्त्रांवर आणि माणसांना टार्गेट करणाऱ्यांवर बंदीच घाला, ती मागणी याच जागेवरून आलेली आहे, आणि मला ती पटते.

चूक झाली तर दार कुणाचं ठोठवायचं

मशीनवर खटला चालत नाही. जिनिव्हाच्या अकरा तत्त्वांतही लिहिलंय की शस्त्र वापरायच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहते, मशीनकडे ढकलता येत नाही. देश म्हणून जबाबदारी वेगळी आणि माणूस म्हणून वेगळी, दोन ओळी करा. कमांडरसाठी रोम करारातलं (आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा करार) कलम २८ आहे, हाताखालचे लोक गुन्हा करतायत हे माहीत असून किंवा माहीत असायला हवं असून थांबवलं नाही तर. पण मशीन हाताखालचा माणूस नसतं, आणि गुन्ह्याला हेतू लागतो, त्यामुळे सॉफ्टवेअर चुकलं आणि कोणाचाच हेतू नव्हता असं निघालं तर फौजदारी बाजू कच्ची पडते आणि भरपाई देशाकडूनच मागावी लागते. ही पोकळी खरी आहे, ती कागदावर पोकळी म्हणूनच लिहा, ओढूनताणून नाव भरू नका.

व्यवहारात सगळं येऊन थांबतं लॉगवर. कुठल्या क्षणी सिस्टिमने काय दाखवलं, मॉडेलची कुठली आवृत्ती चालू होती, कोणी काय दाबलं, किती सेकंदांनी. व्हिन्सेन्सचं रेकॉर्ड होतं म्हणून विमान चढत होतं हे जगाला कळलं. लॉग नसेल तर गुप्ततेच्या कायद्यापर्यंत जायचीसुद्धा वेळ येत नाही, उघड करायला काही नसतंच. लॉग असेल आणि गुप्त असेल तर निदान आतला कोणीतरी, महालेखापाल, संसदेची समिती, लष्करी न्यायालय, ते मागू शकतो. त्या देशात असा मागणारा कोण आहे आणि त्याला खरंच देतात का, हे शोधायला वेळ लागतो पण शोधाच.

बातमीची मूळ ओळ काढा

२०२१ मध्ये जगभर मथळे आले की लिबियात ड्रोनने स्वतःहून माणसं मारली, इतिहासात पहिल्यांदा. मूळ होतं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ पॅनेलचा मार्च २०२१ चा अहवाल. त्यात म्हटलंय की माघार घेणाऱ्या सैन्यावर कार्गू-२ या तुर्की ड्रोनसारख्या सिस्टिम्सनी मारा झाला, आणि त्या ऑपरेटरशी डेटा संपर्क नसतानाही हल्ला करतील अशा प्रोग्रॅम केलेल्या होत्या. त्या वेळी त्या स्वतःच्या बळावरच चालू होत्या का आणि त्यातून कोणी मेलं का, हे अहवालात स्पष्ट लिहिलेलं नाही. काय करू शकते आणि काय केलं या दोन गोष्टी मथळ्यात एक झाल्या. तुमच्या कागदावर या दोन्हींसाठी दोन वेगळे रकाने हवेत, आणि दुसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील, राहू दे.

एवढं झालं की निष्कर्ष लिहा, पण कायदेशीर किंवा बेकायदा असा एका शब्दात नाही. असा लिहा की ही सिस्टिम, या कामासाठी, अशा ठिकाणी वापरली तर या कलमाखाली चालेल, आणि अमुक बदललं तर चालणार नाही. रिकाम्या जागा तशाच दाखवा, त्यांच्यापुढे ती माहिती कोणाकडे आहे ते लिहा. आणि खाली तारीख टाका, मॉडेलची आवृत्ती माहीत असेल तर तीही. जिनिव्हाच्या गटाला २०२६ च्या अखेरपर्यंतची मुदत मिळालेली होती, संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांनीही बंधनकारक करारासाठी २०२६ हेच साल सांगितलं होतं, आदेश सहीसरशी बदलतात, सॉफ्टवेअर तर त्याहून लवकर. सहा महिन्यांनी तोच कागद काढा आणि क्रियापदांपासून पुन्हा सुरुवात करा.